मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली हो!

गेल्या महिन्यात लोंढ्यात जे घडलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक मामा. नाव कशाला घेऊ, नाव घेण्यासारखं त्यांनी काही ठेवलंय का? तर हे मामा बेळगावला डॉक्टरांकडे गेले, खुर्चीत बसले आणि सरळ म्हणाले, "डॉक्टर, पहिल्यासारखं होईना झालंय. ती गोळी मला चालते काय?" बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? शेजारच्या खुर्चीत साक्षात मामी! मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्या जुन्या रिपोर्टांची फाइल. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली बाई, आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगते, "ह्यांना बीपीची एक गोळी सकाळी चालू आहे बघा, आणि लघवीसाठी एक रात्री." शिव शिव शिव.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढा बोभाटा कशाला? ती गोळी हल्ली कोण घेत नाही? बरोबर आहे. घेतात सगळेच, खरं विचारून कोण घेतो?

आमच्याकडची रीत वेगळी. लोंढा म्हणजे जंक्शन. एक रूळ बेळगाव-मिरजेकडे जातो, एक अळणावरवरून हुबळीकडे, आणि एक कॅसलरॉकवरून दूधसागरचा घाट उतरून गोव्याला. साहेबानं ही सोय कशासाठी केली असेल ते असो, आमच्या पुरुषांनी तिचा उपयोग शोधून काढला तो असा की आपल्याला जिथं कुत्रंसुद्धा ओळखत नाही त्या गावात उतरून गोळी घ्यायची. लोंढ्याचा खानापुरात घेतो, खानापूरचा बेळगावात, बेळगावचा निपाणीत आणि निपाणीचा कोल्हापुरात. कोल्हापूरचा कुठं जातो ते कोल्हापूरकरांनी सांगावं, असल्या बाबतीत त्यांचा स्वाभिमान मोठा आहे.

आणि दुकानातला तो सोहळा! आमचे हे एकदा खोकल्याचं औषध आणायला गेले होते, तेव्हा त्यांनी स्वतः पाहिला. (ते स्वतः खोकल्याचंच औषध आणायला गेले होते, मी बाटली बघितली आहे.) गिऱ्हाईक येतं. आधी बाम मागतं. मग पट्टी मागतं. काउंटरवर एखादी बाई उभी असली तर वजनकाट्यावर उभं राहून वजन करतं. बाई गेली की मान खाली घालून म्हणतं, "ती द्या." दुकानदार विचारतो, "कुठली?" "ती हो." "पन्नासची की शंभरची?" आता ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचा अधिकार डॉक्टरांचा. पण आमच्या पुरुषाला कुणी पन्नास की शंभर विचारलं आणि तो पन्नास म्हणाला, असं आजवर झालेलं नाही. शंभरची पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून खिशात जाते. पट्टीवर लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असं सरकारनं छापायला लावलेलं असतं. कायद्यानं हे औषध शेड्यूल एच मधलं आहे. पण ती अक्षरं मुंगीएवढी, आणि चष्मा घातला तर कोणीतरी ओळखेल ना.

चोरी पचली म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि घोळ तिथंच होतो. परगावच्या दुकानदाराला काय माहीत, की ह्याच माणसाच्या दुसऱ्या खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आहे? गावातल्या दुकानदाराला माहीत असतं, कारण तीही त्यानंच दिलेली असते. तो हात आखडता घेईल, "अहो, तुम्हाला ही चालत नाही," म्हणेल. त्यालाच तर टाळून आलाय हा.

आता जरा नीट ऐका, ही भानगड मला मामींनी समजावली आणि मामींना डॉक्टरांनी. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेटची औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्यानं एक रसायन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. ती गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, ते रसायन तयार करत नाही, तयार झालेलं मोडू देत नाही. दोन्ही एकदम पोटात गेली म्हणजे टाकीचा नळही सोडला आणि मोरीही बुजवली. रक्तदाब असा घसरतो की माणूस उभ्याउभ्या कोसळतो, आणि कधीकधी उठत नाही. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास नायट्रेट द्यायचं नाही, तिच्याच जातीची टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास. मग रात्री गोळी घेतलेल्या माणसाच्या पहाटे छातीत कळ आली, आणि घरच्यांनी घाईघाईनं जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर? दवाखान्यातला डॉक्टर विचारतो, "काही घेतलं होतं काय?" आणि पेशंट, जीव चाललाय तरी, बायको शेजारी उभी आहे म्हणून म्हणतो, "नाही." ह्याला म्हणतात घराण्याची अब्रू.

गंमत अशी, की हे औषध शोधलं गेलं होतं हृदयासाठीच. इंग्लंडात केंट परगण्यातल्या सँडविच गावी फायझरच्या प्रयोगशाळेत छातीच्या दुखण्यावर ते तपासत होते. वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावच्या पुरुषांना ते चाचणीसाठी दिलं. छातीच्या दुखण्याला फारसा गुण आला नाही, पण ते पुरुष भलत्याच गुणाची बातमी सांगू लागले. लाजत का होईना, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, एवढं लक्षात घ्या. ते लोंढ्याचे असते तर गोळ्या घरी नेऊन गप्प बसले असते आणि हे औषध जगात आलंच नसतं. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेनं व्हायग्राला मंजुरी दिली. त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडचं काम उलगडणाऱ्या तिघांना मिळालं, फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद. आणि ज्याच्या नावानं ते बक्षीस आहे, त्या आल्फ्रेड नोबेलनं पैसा कमावला नायट्रोग्लिसरीनच्या डायनामाइटवर, आणि म्हातारपणी छाती दुखू लागल्यावर डॉक्टरांनी त्यालाही औषध म्हणून नायट्रोग्लिसरीनच सांगितलं होतं. ही माहिती आमच्या ह्यांनी स्टेशनाबाहेरच्या कट्ट्यावर सांगितली, तर एकानं विचारलं, "मग नोबेल घेत होता की नाही ती गोळी?" शंभर वर्षांचा फरक आहे, अहो!

आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, म्हणून फायझरची अस्सल निळी गोळी इथं यायच्या कितीतरी आधी देशी कंपन्यांच्या गोळ्या दुकानात आल्या, आणि स्वस्तात आल्या. ते चांगलंच झालं. पण स्वस्त झालेली वस्तू आणि शहाणपण एकाच पार्सलमधून येत नाही.

म्हणजे बघा, शनिवार आहे, मटण आहे. तांबडा रस्सा, भाकरी, वर बेळगावचा कुंदा. एवढं चापून झाल्यावर गडी गोळी घेतो आणि घड्याळ बघतो. तासाभरात काही होत नाही. तेलकट-तुपकट जेवणानं सिल्डेनाफिल पोटातून रक्तात पोचायला आणखी तासभर उशीर होतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, कारण त्यानं कुणाला विचारलेलंच नाही. तो म्हणतो, गोळी डुप्लिकेट. दुसरी घेतो. मग मध्यरात्री पहिली आणि दुसरी एकदम कामाला लागतात, आणि गड्याचं डोकं ठणकतं, तोंड लालबुंद होतं, नाक चोंदतं, छातीत जळजळतं. बायको विचारते, "काय झालं हो?" "मटणाचं." बिचाऱ्या मटणावर ह्या मुलखात किती खोटे आळ आलेत, त्याची गणती नाही. दिवसातून एकदाच, सांगितलेल्या मात्रेतच घ्यायची, हा साधा नियम. त्यातून दुसरा गैरसमज असा की गोळी गिळली की आपोआप सगळं होतं. नाही होत. मनात इच्छा आणि जवळ माणूस लागतं. गोळी घेऊन बातम्या लावून बसलात तर बातम्याच दिसतील.

आणि पोरं! पंचविशीतली, लग्नं व्हायचीत, व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवलेली पोरं. गोव्याला निघाली की सामानात हीच पट्टी. ह्यांना झालंय काय? काही नाही. सकाळी उठताना ज्याचं सगळं ठीक असतं आणि ऐनवेळीच ज्याचं गाडं अडतं, त्याचं दुखणं बहुतेक वेळा नसांत नसतं, धास्तीत असतं. आणि धास्तीला शंभर मिलिग्रॅम दिले की गोळीशिवाय आपलं काही खरं नाही ही दुसरी धास्ती मागे लागते. वर गोव्याची दारू. दारू रक्तदाब आणखी उतरवते, आणि ज्यासाठी गोळी घेतली तेही बिघडवते. म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं.

नागपूरची गोष्ट मात्र चघळायची नाही, सांगायची. तिथं एका ४१ वर्षांच्या माणसानं दारूबरोबर ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटेना, उलट्या झाल्या. सोबतच्या बाईनं डॉक्टरांकडे जाऊ या म्हटलं, तर हा म्हणाला, मला असं आधीही झालंय. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. डॉक्टरांनी ते प्रकरण न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

आमच्या रेल्वेच्या गावात आणखी एक पंचाईत. ह्या गोळीनं काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, निळा नि हिरवा ओळखताना गोंधळ होतो. रंगाची नजर ही इथं कित्येक घरांची भाकरी आहे, ड्युटीच्या आधी असले उद्योग करू नयेत हे सांगायला हवं काय? आणि ते दुसरं, ज्याबद्दल कट्ट्यावर हेवा केला जातो: उतरतच नाही म्हणे! कौतुक करू नका, गाडी करा. चार तासांच्या वर गेलं तर कॅज्युअल्टीत जायचं असतं, नाहीतर आतल्या पेशी मरतात आणि कायमचं अधूपण येतं. एकाएकी एका डोळ्याचं दिसेनासं झालं, कानानं ऐकू येईनासं झालं, तरीही तेच. पण तिथं जाऊन सांगायचं काय? "पाय मुरगळला"?

ज्यांना मेडिकलची लाज वाटते त्यांच्यासाठी रस्त्याकडेला तंबू आहेतच. हारीनं बरण्या, बरण्यांत मुळ्या, शिलाजीत, आणि मध्ये बिचारा सांडा, तेल काढण्यासाठी धरून आणलेला. तो वाळवंटातला सरडा वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि त्याच्या तेलात तेलापलीकडे काही नाही. रुळाकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असल्या जाहिराती वाचत कित्येकजण अक्षरओळख शिकले असतील. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ सालच्या कायद्यानं अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. भिंतींना तो कायदा अजून कुणी वाचून दाखवलेला नाही. आणि ‘शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही’ असल्या पुड्यांचा एखादेवेळी खरंच गुण येतो, तेव्हा तर जास्त घाबरावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं असल्या ‘नैसर्गिक’ मालाची तपासणी केली तेव्हा पुन्हा पुन्हा त्यात दडवलेलं सिल्डेनाफिल सापडलं आहे. म्हणजे गोळी नको म्हणून जो पुडी घेतो त्यानं गोळीच घेतलेली असते, फक्त किती घेतली ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

उलट बाजूची बदनामी ऐका. एका घरात आजींच्या औषधांच्या डब्यात सुनेला सिल्डेनाफिलची पट्टी सापडली. सुनेनं मोबाइलवर नाव शोधलं आणि तिला घामच फुटला. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई! दोन दिवस घरात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना. शेवटी नातवानं डॉक्टरांना विचारलं. आजींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता, त्यासाठी २० मिलिग्रॅमची ती गोळी दिवसातून तीनदा होती. ह्या दुखण्यासाठी तान्ह्या बाळांनासुद्धा ती देतात. तसंच ५ मिलिग्रॅमची टाडालाफिल प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला रोज चालू असू शकते. म्हणजे पट्टी बघून चारित्र्य ठरवायची सोयही राहिली नाही. बोलायचं तरी कशावर माणसानं?

आणि हा विषय मराठीला नवा आहे असं कुणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, त्यात वाचक असलेच प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. त्या प्रश्नोत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. वाचकांनी शंका विचारल्या तर उत्तर द्यायचं नाही काय, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. दंड झाला, मासिक मात्र कर्व्यांच्या मरणापर्यंत चाललं. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ किती कपाटांत साड्यांच्या घडीखाली राहिलं ते त्या कपाटांनाच माहीत. नव्वद वर्षांपूर्वीचा माणूस निदान पोस्टकार्ड लिहीत होता. आजचा खानापूरचं तिकीट काढतो.

तर मामा. डॉक्टरांनी गोळी लगेच दिली असेल असं वाटलं ना? नाव नको. आधी विचारलं, "स्टेशनचा पूल न थांबता चढता काय? छातीत भरून येतं काय? जिभेखाली ठेवायची गोळी कधी घेतली होती काय?" मग बीपी मोजलं, ईसीजी काढला, उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं. आणि रक्तात साखर निघाली! गोळी मागायला गेलेला माणूस मधुमेह घेऊन परत आला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. त्या भागातल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चोंदायला लागल्या की बारकी आधी तक्रार करते, मोठी काही वर्षांनी. म्हणजे मामांना ज्याची लाज वाटत होती ती खरं तर आगाऊ आलेली सूचना होती. आणि परगावी गुपचूप पट्टी घेणारे रोज ती सूचना खिशात घालून घरी येतात.

गोळी दिली, तीही पंचवीसची! वय, बीपीचं औषध आणि लघवीची ती टॅमसुलोसिन, तीनही लक्षात घेऊन अगदी लहान मात्रा. ही गोळी आणि टॅमसुलोसिन एकदम घेतली तर उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून वेळा वेगळ्या करून दिल्या. पहिल्याच खेपेला निकाल लागेल असं नाही, चार-सहा वेळा धीर धरा, नाहीतर या, मात्रा बघू, असंही सांगितलं. मामी सगळं वहीत लिहून घेत होत्या. वहीत! किराण्याच्या यादीखाली!

आणि कळस पुढेच आहे. ती चिठ्ठी दाखवून दोघं बेळगावातच गोळी घेऊन मोकळी झाली असती तर मी एवढं बोललेच नसते. ती आली लोंढ्यात. आपल्या रोजच्या मेडिकलमध्ये, संध्याकाळी सहाला, गर्दीत. मामींनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर जमते काय, तेवढं एकदा बघून घ्या हं." मागच्या तिघांनी एकदम मोबाइल काढले. एक गृहस्थ बाम परत ठेवून निघून गेले. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, मामांची जुनी बिलं बघितली, पट्टी कापून दिली आणि म्हणाला, "मामा, द्राक्षं चालतील, खरं ते ग्रेपफ्रूट नको." लोंढ्यात ग्रेपफ्रूट कोण खातो, पण सांगितलं बिचाऱ्यानं.

कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पहिले दोन दिवस छी थू झाली. तिसऱ्या दिवशी एकानं आमच्या ह्यांना बाजूला घेऊन बेळगावच्या डॉक्टरांचं नाव विचारलं, "आमच्या साडूला पाहिजे." चौथ्या दिवशी आणखी दोघांच्या साडूंना पाहिजे झालं. एवढे साडू ह्या गावात आहेत हे मला माहीत नव्हतं. गुण आला की नाही, हे मात्र मामांच्या तोंडून अजून कुणाला काढता आलेलं नाही. मामींना विचारायची आमची छाती नाही, कारण त्या सांगतील.

एवढं सगळं कट्ट्यानं शेवटी पोटात घातलं होतं हो. पण काल नवीनच प्रकार कळला. डॉक्टरांनी मामांना सांगितलंय, की बिडीनं त्या बारक्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, बिडी थांबवल्याशिवाय गोळीचा धड उपयोग नाही. आणि मामांनी खरंच थांबवली! चाळीस वर्षांची सवय, निपाणीच्या तंबाखूची बिडी, तीही फुकट वाटणारा माणूस! आता कट्ट्यावर येतात, शेंगदाणे खातात आणि साखरेला चालतात म्हणून फुटाणेही खातात. मंडळी भयंकर चिडली आहेत. आमचे हे काल घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "गोळीचं एक वेळ समजून घेतलं असतं. खरं बिडी? लाज कशी वाटत नाही ह्या माणसाला?"